कानडी सात, मराठी दोन

संकेश्वरच्या बाहेर, मिरचीच्या वखारी संपतात तिथं
हे घर उभं आहे. मी टेप घेऊन आलेय.
पाच कमानी, अर्धवर्तुळाच्या,
भिंतीत अर्धे बुडालेले खांब, ज्यांच्यावर काहीच भार नाही,
ते फक्त सांगायला की इथं माप पाळलंय.
वर दगडी कंगणी, तिच्यावर खानापुरी कौलं.
कौलं त्या नमुन्यात बसत नाहीत.
इथल्या पावसाला नमुना कळत नाही.

घर बांधलं काजितान बार्रेटोनं, जहाजावरच्या आचाऱ्यानं.
जिनोव्हाला बॉयलर फुटला
आणि तो सात आठवडे बंदरात अडकला.
एका सावकाराच्या चारशे वर्षं जुन्या घरासमोर
रोज उभा राहायचा, हातात बांगड्यांची पिशवी.
कुणी आत घेतलं नाही.
त्यानं बाहेरूनच पावलांनी मोजलं:
कमान सहा, खांब दीड,
पाच कमानी, सहा खांब, एकूण एकोणचाळीस.
मसाल्याच्या वहीत, शागुतीच्या खाली
लिहून ठेवलं.
आतलं त्याला ठाऊक नव्हतं.
म्हणून आत चौक, चौकात क्रूस,
पाटा, चूल, बाळंतिणीची अंधारी खोली.
रस्त्यावरून बघाल तर इटली,
उंबरा ओलांडला की घटप्रभेचा काठ.

पुढं धरणाची नोटीस आली.
नातसून मातिल्दा साहेबाला म्हणाली,
पैसे तुमचे तुम्हाला, दगड माझे मला.

डावीकडून नागोजी पाथरवट लागला,
उजवीकडून गोकाकचा कल्लाप्पा.
दोघांनी गेरूनं नंबर घातले,
आपापल्या शाळेत शिकवले तसे.
तिसऱ्या कमानीच्या चावीदगडापाशी दोघं भेटले,
विडी पेटवली,
एकमेकांचे आकडे विचारायचं राहून गेलं.

दगड अकरा महिने माळावर पडून होते.
गेरू धुपला.
कानडी सात मराठी दोनसारखा दिसतो,
विशेषतः पाऊस लागून गेल्यावर.

डावीकडून दुसरी कमान
म्हणून जराशी वाकडी आहे.
एका सांध्यात चुना केसाइतका,
शेजारच्यात अंगठा जाईल एवढा.
धारवाडहून एक वास्तुतज्ज्ञ आले होते,
म्हणाले, उतरवून नीट करता येईल,
समतोल हाच तर या शैलीचा प्राण.
कल्लाप्पाला नातवानं मोटारसायकलवर आणलं,
नव्वदी गाठलेला, डोळ्यांत मोतीबिंदू.
त्यानं सांध्यावरून बोट फिरवलं,
बराच वेळ.
मग म्हणाला, इरली बिडी.
राहू द्या.
आणि नागोजीच्या नावानं एक शिवी हासडली,
मराठीतली,
पोटातून आलेली, प्रेमाची.

मी शिडीवर चढून दगडाची खालची बाजू पाहिली.
तिथं ऊन-पाणी पोचत नाही.
गेरूचा एक वळसा, एक शेपूट.
मी दोन्ही भाषांत वाचून पाहिलं.
दोन्हीत लागलं.

चार कमानी कंपासनं काढल्या.
पाचव्या वेळी कंपास मिटून ठेवला.
ती हातानं काढावी लागली.
पाच वेळा खोडली, कागद फाटायला आला.

मे महिन्यात पाणी मागं सरलं
तेव्हा जुन्या जागी जाऊन आले.
भेगाळलेला गाळ, शिंपले,
आणि जोत्याची सरळ काळी रेघ.
टेप गाडीतच राहिला होता.
चालत मोजलं. माझी चव्वेचाळीस भरली.
काजितान उंच असणार.
म्हशी पाण्यावर घालणारा एकजण थांबला.
काय हुडकालाय बाई?
घर, म्हटलं.
त्यानं गाळाकडं पाहिलं, मग माझ्या चपलांकडं.
ते तर कवाच गेलं की वर,
तो म्हणाला,
आणि संकेश्वराच्या दिशेला
काठी केली.